कुरकुरीचा अधिकार

कुरकुर करणाऱ्या माणसाविषयीं जगांत कोणाचेंहि मत चांगलें नसतें. नीतिशास्त्रावरील ग्रंथांत क्रोधाला प्रकरण मिळतें, मत्सराला मिळतें. कुरकुरीला तळटीपहि मिळत नाहीं. हा क्षुल्लक समजला गेलेला मनोविकार ज्यानें एखाद्या व्रताप्रमाणें जन्मभर पाळला आहे असा एक मनुष्य आम्हीं आज विचारासाठीं घेतला आहे. तो म्हणजे इंग्लंडांतील फुटबॉल-संघाचा सामान्य पाठीराखा. शनिवारीं त्याचा संघ हरतो. सोमवारीं तो कचेरींत तोंड पाडून बसतो. मालक कंजूष आहे, मॅनेजरला अक्कल नाहीं, आघाडीच्या खेळाडूला पाय आहेत कीं लांकडें, असें तो भेटेल त्याला ऐकवितो. पुन्हां त्या मैदानाचें नांव काढणार नाहीं अशी प्रतिज्ञा करतो, आणि पुढच्या शनिवारीं वेळेच्या आधीं अर्धा तास जाऊन बसतो. शहाणे लोक त्याला हंसतात. आम्हांस मात्र त्याच्या कुरकुरींत एक खरा प्रश्न दडलेला दिसतो. ज्या संस्थेंत आपली पैचीहि मालकी नाहीं, परंतु जिच्यावांचून आपलें आयुष्य आपल्यालाच ओळखूं येणार नाहीं, तिच्यावर आपला कांहीं अधिकार असतो काय?

हा मनुष्य त्या बाकावर कसा येऊन बसला हें आधीं पाहिलें पाहिजे. सन १८५० च्या कारखान्यांच्या कायद्यानें विलायतेंतील कापडगिरण्यांत स्त्रिया व अल्पवयी कामगार यांना शनिवारीं दुपारीं दोननंतर कामावर ठेवण्यास बंदी झाली, आणि पुढें ही अर्ध्या दिवसाची सुटी हळूहळू इतर कामकरी वर्गांतहि पसरली. रिकाम्या दुपारीं खेळ आला. आज मँचेस्टर युनायटेड म्हणून जगाला ठाऊक असलेला संघ १८७८ सालीं न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या कामगारांनीं काढला. आर्सेनल १८८६ सालीं वुलिच येथील तोफांच्या कारखान्यांतून निघाला. १८८८ सालीं बारा संघांची लीग स्थापन झाली. म्हणजे हे संघ विकावयाचा माल म्हणून जन्मास आले नाहींत. ते आळींतून, कारखान्यांतून, प्रार्थनामंदिरांतून वर आले. पुढें कारखाने बंद पडले, शेजारी बदलले, नोकऱ्या गेल्या; शनिवारची दुपार तेवढी राहिली. घरभाडें वाढलें, आगगाडी चुकली, साहेब वाटेल तें बोलला, याबद्दल ज्याला कोणापुढें आवाज काढतां येत नाहीं तो मैदानावर पंचाच्या नांवानें ओरडतो, हें खरेंच आहे. पण एवढ्यानें त्याच्या कुरकुरीचा उलगडा होत नाहीं. त्याला पराभवाचें दुःख असतें, तें तो सोसतो. किंबहुना त्याची त्याला संवयच झालेली असते. त्याला सोसत नाहीं ती दुसरीच गोष्ट. ती ही कीं, त्याला आतां गिऱ्हाईक म्हणून वागविलें जातें, पण गिऱ्हाइकाचा जो एकुलता एक हक्क तो मात्र त्याला वापरतां येत नाहीं.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा ग्रंथांत हें मर्म फार चांगलें सांगितलें आहे. एखादी संस्था बिघडूं लागली म्हणजे माणसापुढें दोन वाटा असतात: सोडून जाणें, किंवा राहून बोलणें. साबण वाईट निघाला तर आपण दुसरा घेतों. साबणवाल्याशीं भांडत बसत नाहीं. परंतु ज्याचा बाप आणि आजा एकाच संघाच्या नांवानें घसा कोरडा करून गेले, त्यानें शेजारच्या गांवचा संघ बरा खेळतो म्हणून तिकडे जावें काय? तो जाणार नाहीं, आणि जाणार नाहीं हें मालकास पक्कें ठाऊक असतें. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठीं सामना शनिवारऐवजीं सोमवारीं रात्रीं ठेवला, परगांवीं गेलेल्या पाठीराख्याची शेवटची गाडी चुकली, तरी तो पुन्हां येणारच. ज्याचें प्रेम आटणार नाहीं अशी आपली खात्री आहे, त्याच्याशीं कसें वागावें हा खरा नीतीचा प्रश्न आहे, आणि तो फुटबॉलपुरता नाहीं. आपल्या घरांतहि जी बाई कधीं तक्रार करीत नाहीं तिच्याच ताटांत करपलेली पोळी पडते, हें आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं पाहिलें असेल तें त्यांचें त्यांनींच आठवावें.

सन २०१६ च्या फेब्रुवारींत लिव्हरपूलच्या मालकांनीं पुढील हंगामासाठीं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचें ठरविलें. तेव्हां सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला सुमारें दहा हजार लोक उठून मैदानाबाहेर गेले. त्या वेळीं त्यांचा संघ २–० असा पुढें होता. सामना २–२ असा बरोबरींत सुटला. थोड्याच दिवसांत मालकांनीं तो दर मागें घेतला. जिंकणारा सामना टाकून बाहेर पडणाऱ्या या लोकांना गिऱ्हाईक कोण म्हणेल?

याहून कठीण प्रसंग विंबल्डनच्या लोकांवर आला. १८८९ सालीं स्थापन झालेल्या या संघानें १९८८ सालीं लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघास हरवून एफ. ए. कप जिंकला होता. पुढें १९९१ पासून त्याला स्वतःचें मैदान उरलें नाहीं, तोटा वाढला. मालकांनीं ठरविलें कीं संघ सुमारें ५६ मैल दूर मिल्टन कीन्स या नव्या शहरीं न्यावा. तीन जणांच्या आयोगानें मे २००२ मध्यें बहुमतानें परवानगी दिली, आणि पाठीराख्यांनीं नवा संघ उभारून पुन्हां तळापासून चढत येणें हें फुटबॉलच्या व्यापक हिताचें नाहीं असा अभिप्रायहि नोंदविला. पाठीराख्यांनीं नेमकें तेंच केलें. जून महिन्यांत विंबल्डनच्या सार्वजनिक माळावर, येईल त्याची परीक्षा घेऊन, त्यांनीं नवा संघ निवडला आणि नवव्या पायरीवरून खेळण्यास आरंभ केला. २०११ सालीं तो संघ फुटबॉल लीगमध्यें पोंचला. २०२० सालीं प्लाउ लेन या आपल्या जुन्या परिसरांत नवीं भिंतीछपरें बांधून परत आला.

मिलिंद राजाला नागसेनानें विचारलें होतें कीं रथ म्हणजे काय? चाक कीं आंस कीं जूं? येथेंहि तोच प्रश्न आहे. खेळाडूंचे करार, लीगमधील जागा, कागदोपत्रींचें अस्तित्व हें सर्व मिल्टन कीन्सला गेलें. मागें राहिलीं तीं फक्त माणसें आणि त्यांची कुरकुर. विंबल्डन कोठें राहिलें? २००७ सालीं मिल्टन कीन्सच्या संघानें जुन्या विजयांचा वारसा सोडून चषकांच्या प्रतिकृति विंबल्डन ज्या मर्टन विभागांत येतें त्याच्या स्वाधीन केल्या, तेव्हां उत्तर बहुतेक मिळालेंच. त्याच १८८९ सालीं कलकत्त्यास जन्मलेल्या मोहन बागानच्या नांवामागें २०२० सालीं दुसऱ्या एका संघाचीं आद्याक्षरें लागलीं, तीं काढविण्यासाठीं तेथील लोकांनींहि असाच हट्ट धरला. २०२३ सालीं तीं गेलीं.

मालकांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. तोटा भरतात ते. ओरडणारा भरीत नाहीं. शिवाय आर्सेनलनेंहि १९१३ सालीं वुलिच सोडून उत्तर लंडनमध्यें बिऱ्हाड हालविलें, आणि आज त्याबद्दल फारसा कोणी रडत नाहीं. स्थलांतर हेंच पाप असतें तर आम्हां पुण्यामुंबईच्या अर्ध्या लोकांना तोंड दाखवितां आलें नसतें. पाठीराखे सगळे संतहि नव्हेत. खेळाडूच्या कातडीच्या रंगावरून शिव्या देणारे त्यांच्यांतच बसतात, आणि त्या शिवीला कुरकुर म्हणणें हा कुरकुरीचा अपमान होईल. कुरकुर करणारा आपल्या माणसाशीं बोलत असतो. नामदेव, जनाबाई पांडुरंगाशीं भांडलीं तीं त्याला सोडून जावयाचें नव्हतें म्हणून. फुटबॉल-संघाला देव म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं, पण भांडणाची जात तीच आहे.

कायद्यानेंहि हें नातें थोडेंसें ओळखलें आहे. २०२५ सालीं इंग्लंडांत फुटबॉलच्या नियमनाचा कायदा झाला. त्याप्रमाणें मैदान विकावयाचें किंवा हालवावयाचें झाल्यास स्वतंत्र नियामकाची संमति लागते, आणि महत्त्वाच्या बाबतींत संघांनीं पाठीराख्यांशीं विचारविनिमय केला पाहिजे. मालकी मालकाचीच राहिली; विचारलें जाण्याचा हक्क तेवढा दुसऱ्याला मिळाला. कांहींना हें फार थोडें वाटतें. आम्हांस तें थोडें वाटत नाहीं, कारण बहुतेक माणसांना आपल्या कचेरींत तेवढाहि मिळालेला नसतो.

हा कायदा बरी येथील लोकांसाठीं उशिरां आला. १९०३ सालीं एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यांत डर्बी कौंटीचा ६–० असा फडशा पाडणारा हा लँकेशायरचा जुना संघ कर्जांत बुडाला, आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजीं लीगनें त्याला काढून टाकलें. त्याच दिवशीं गांवांतील शेंकडों माणसें, येत्या सामन्याची तयारी म्हणून, आपापले झाडू घेऊन गिग लेनच्या मैदानावर खुर्च्या पुसावयास आलीं होतीं. कोणी त्यांना मजुरी देणार नव्हतें, आणि ज्यांनीं संघ बुडविला त्यांपैकीं ते कोणीच नव्हते. त्या मैदानावर बरीच्या संघाचे सामने पुन्हां सुरू झाले ते २०२३ सालीं, पुष्कळ खालच्या पायरीवर. आतां तेथें कोणीतरी पहिल्यासारखाच गोलरक्षकावर चिडत असेल.