पिंपांच्या गावातला मुक्काम

केंटकीत बर्बन व्हिस्की बघायला जाणारे बहुतेक लोक लुइव्हिल किंवा लेक्सिंग्टनच्या हॉटेलात उतरतात आणि दिवसाकाठी दोन-तीन डिस्टिलऱ्या उरकून परततात. तिथल्या डिस्टिलरांच्या संघटनेनं 1999 साली 'केंटकी बर्बन ट्रेल' सुरू केली, तेव्हापासून ही वाट चांगली रुळली आहे. बसगाड्या आहेत, वाटाडे आहेत, तिकिटं घरबसल्या काढता येतात. तरीही ओहायोत राहणारा शेजारी म्हणून मला मनापासून वाटतं, की हा मुलूख आरव्हीनं फिरावा आणि गावागावात मुक्काम करत फिरावा. कारण आरव्हीनं आलेल्या माणसाला गरजा असतात, आणि गरज असलेल्या माणसाशी गाव वेगळं बोलतं.

ज्यांनी आरव्ही वापरली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाकांवरच्या या घरात शेगडी असते, पलंग असतो, छोटं न्हाणीघर असतं. पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि मैला यांच्या तीन वेगळ्या टाक्या असतात. पहिली भरत राहावी लागते आणि उरलेल्या दोन ठरलेल्या जागीच रिकाम्या कराव्या लागतात. गॅस संपतो, फ्यूज उडतो, दूध नासतं, बर्फ वितळतो. हॉटेलातला पाहुणा गावाकडे फक्त करमणूक मागतो, कारण बाकीचं सगळं हॉटेलवाला बघतो. आरव्हीवाल्याला मात्र आल्या दिवशीच किराणा दुकान, हार्डवेअरचं दुकान आणि गॅस भरून देणारा शोधावा लागतो.

त्यात व्हिस्कीची भर पडली की मुक्काम अटळ होतो. डिस्टिलरीत चाखायला देतात ते घोट लहान असतात, पण चार-पाच प्रकार चाखल्यावर दहा टनांची गाडी वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर घालणं हा गुन्हा आहे आणि पापही. तेव्हा नियम सोपा: आधी गाडी लावायची, पाणी-वीज जोडायची, आणि मग चाखायला जायचं. सकाळपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. अमेरिकेत 2009 पासून चालणारी 'हार्वेस्ट होस्ट्स' ही योजना याच गोष्टीवर उभी आहे. सभासदांना शेतं, द्राक्षमळे, लहान डिस्टिलऱ्या आपल्या आवारात एक रात्र गाडी लावू देतात. भाडं नाही, फक्त त्यांच्याकडचं काहीतरी विकत घ्यावं अशी अपेक्षा. मला हा व्यवहार फार स्वच्छ वाटतो. दोघांनाही ठाऊक असतं की कोण कोणाकडे कशासाठी आलंय. संध्याकाळी मालक सावकाश भेटतो, कारण त्याचंही दिवसाचं काम संपलेलं असतं.

बार्ड्सटाउन हे या मुलखाचं जुनं केंद्र. गावाच्या कडेला 'माय ओल्ड केंटकी होम' नावाचं राज्य उद्यान आहे आणि तिथं आरव्ही लावायची सोय आहे. तिथं एकदा नळापासून गाडीपर्यंत येणाऱ्या पाण्याच्या नळीचा रबरी वॉशर गेला आणि जोडावर कारंजं उडू लागलं. नळीचं टोक हातात घेऊन मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. भिंतभर लाकडी खण होते, प्रत्येक खणावर पितळी कडी. दुकानदारानं काही न विचारता एक खण ओढला, वॉशर बसवून पाहिला, नखानं दाबला, काढला आणि दुसरा थोडा जाड घेतला. "दोन ने, एक जवळ असू दे," म्हणाला. किंमत काही सेंट. मग गाडी कुठं लावलीय ते विचारलं आणि बोलता बोलता 1996 च्या आगीवर आला.

त्या वर्षी 7 नोव्हेंबरला गावाबाहेरच्या हेवन हिल डिस्टिलरीत आग लागली. सोसाट्याचा वारा होता. सात गोदामं जळाली, सुमारे 90 हजार पिंपं गेली, आणि पेटती व्हिस्की उतारावरून खाली वाहत होती. पुस्तकात एवढं सापडतं. दुकानदाराच्या बोलण्यात वेगळ्या गोष्टी होत्या: रात्रभर आकाश कसं नारिंगी होतं, कोणाकोणाच्या घरची माणसं तिथं कामाला होती, आणि दुसऱ्या दिवशी गावात एकच प्रश्न होता, आता पगार होणार का. पुढे प्रतिस्पर्धी डिस्टिलऱ्यांनी हेवन हिलला आपल्याकडे व्हिस्की गाळू दिली, आणि 1999 मध्ये कंपनीनं लुइव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी विकत घेतली. गोदामं बार्ड्सटाउनमध्येच राहिली. दुकानदार हे सांगत असताना त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो आगीचा नव्हता, शेजारधर्माचा होता.

बर्बन हा मुळात न हलवता येणाऱ्या मक्याचा धंदा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲपलाचियन डोंगर ओलांडून आलेल्या शेतकऱ्यांकडे मका उदंड होता आणि रस्ते नव्हते. पोती वाहून नेणं परवडत नसे. त्याच मक्याची दारू गाळली तर कमी वजनात जास्त मोल, शिवाय कीड नाही, बुरशी नाही. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरून ती न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाई. जमिनीखालचा चुनखडक पाण्यातलं लोह काढून टाकतो, हेही नशीब. लोहानं व्हिस्कीचा रंग आणि चव बिघडते. हेच पाणी आणि त्यावरचं गवत घोड्यांच्या हाडांना चांगलं, म्हणून इथं घोड्यांचे तबेलेही आहेत.

पुढे कायद्यानं या सगळ्याला चौकट दिली. निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान 51 टक्के मका हवा. पिंप नवीन ओकचं आणि आतून जाळलेलं हवं. पिंपात भरताना मद्यार्क 62.5 टक्क्यांहून जास्त नको. 1964 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं ठराव करून बर्बनला देशाचं खास उत्पादन मानलं. 'नवीन पिंप' या एका अटीनं केवढं जग उभं केलं बघा. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही, म्हणून ते स्कॉटलंडला जातं आणि तिथल्या व्हिस्कीला रंग देतं. इथं मात्र ओक तोडणारे, फळ्या वर्षभर उन्हापावसात सुकवणारे आणि पिंपं बांधणारे यांना कायम काम. लेबनन गावातल्या कारखान्यात पिंप जाळताना जवळून पाहता येतं. खाली आग, वर उघडं पिंप, आणि मिनिटभरात आतलं लाकूड मगरीच्या पाठीसारखं तडकतं. त्या तडांमध्ये उन्हाळ्यात व्हिस्की शिरते, थंडीत बाहेर येते, आणि लाकडातला गोडवा घेऊन येते. हे वर्षानुवर्षं चालतं. त्याला घाई करणारं यंत्र अनेकांनी करून पाहिलं. मला त्यातलं काही पटलेलं नाही.

गोदामात शिरल्यावर आधी वास येतो. व्हॅनिला, ओलं लाकूड, थोडं जळकं. तो वास म्हणजे लाकडातून उडून जाणारी व्हिस्की. केंटकीत दरवर्षी तीन ते पाच टक्के अशी जाते आणि तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथं उष्म्यामुळे हा वाटा याहून मोठा असतो, आणि त्यामुळेच तिथली सिंगल माल्ट थोड्या वर्षांत तयार होते. देवदूतांखेरीज आणखी एक जीव यावर जगतो. बौदोइनिया नावाची काळी बुरशी. गोदामांच्या आसपासच्या झाडांवर, भिंतींवर, शेजाऱ्यांच्या छपरांवर ती काजळीसारखी बसते. डिस्टिलरीच्या फेरीत तिच्याबद्दल गंमत म्हणून एखादं वाक्य येतं. भिंती धुण्याची औषधं विकणाऱ्या दुकानात तिच्याबद्दल बराच वेळ बोलणं होऊ शकतं, आणि ते गमतीचं नसतं.

मिडवे नावाच्या गावाजवळ साउथ एल्कहॉर्न ओढ्याच्या काठी वाइसेनबर्गर मिल आहे. 1865 पासून एकाच घराण्याकडे. मका, गहू दळतात आणि पिशव्या भरून विकतात. मी तिथून पांढऱ्या मक्याचं पीठ घेतलं आणि संध्याकाळी गाडीतल्या शेगडीवर भाकरी केली. पीठ जाडसर होतं, गरम पाण्यात उकड काढूनही कडा फाटत होत्या, थापताना तळवा ओला ठेवावा लागत होता. पण तव्यावरून उतरल्यावर जो गोडसर वास आला, तो दुपारी डिस्टिलरीत आंबवणाच्या टाकीवर वाकून घेतलेल्या वासाच्या सख्ख्या नात्यातला होता. तिथं त्याच पिकाची दारू होते आणि इथं भाकरी, ही गोष्ट वाचून कळते, पण ती जिभेला कळायला पिठाची पिशवी घ्यावी लागते. अशा गिरण्या आता फार उरलेल्या नाहीत. त्यांच्याकडून पाच डॉलरचं पीठ घेणं हे डिस्टिलरीतल्या पन्नास डॉलरच्या बाटलीइतकंच महत्त्वाचं मानावं, असं मला वाटतं.

गावाची अशी स्वतःची ठिकाणं हरवली की काय होतं हे टेनेसीतल्या लिंचबर्गमध्ये दिसतं, म्हणून ते मला अस्वस्थ करतं. जॅक डॅनियल व्हिस्कीचं हे गाव. ते ज्या मूर काउंटीत आहे, तिथं दारूबंदीच्या काळापासूनची बंदी आजही आहे. डिस्टिलरीत खास बाटल्या विकायला परवानगी आहे, पण गावातल्या उपाहारगृहात व्हिस्की मिळत नाही. चौकात कोर्टाची जुनी इमारत आहे आणि समोर 'लिंचबर्ग हार्डवेअर अँड जनरल स्टोअर' अशी पाटी. आत गेलात तर टीशर्ट, टोप्या, पिंपाच्या फळ्यांच्या शोभेच्या वस्तू. ज्या दुकानाला गाव खिळे-पाना मागायला येत असे, तिथं आता गाव कामाला असतं आणि गिऱ्हाईक बाहेरचं असतं. याचा राग धरावा असं कोणी काही केलेलं नाही. साडेसहा हजार वस्तीच्या काउंटीला रोजगार हवा असतो. पण गावाला स्वतःची गरज भागवायची जागा उरली नाही की बाहेरच्याला गावाशी बोलायची जागाही उरत नाही.

आणि बोलणं किती मोलाचं असतं याचा दाखला याच गावात आहे. जॅक डॅनियलला व्हिस्की गाळायला शिकवलं ते डॅन कॉल या पाद्र्यानं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जाई. प्रत्यक्षात शिकवणारे हात होते निअरेस्ट ग्रीन यांचे, कॉलच्या शेतावर राबणाऱ्या गुलामाचे. गुलामगिरी संपल्यावर ते जॅकच्या डिस्टिलरीचे पहिले मुख्य डिस्टिलर झाले. त्यांच्या पिढ्या तिथं काम करत राहिल्या. जॅकच्या एका जुन्या छायाचित्रात त्याच्या शेजारी एक कृष्णवर्णीय माणूस बसलेला आहे. तो ग्रीन यांचा मुलगा जॉर्ज असावा असं मानतात. 2016 मध्ये कंपनीनं ही गोष्ट उघड सांगायला सुरुवात केली. त्याच सुमाराला फॉन वीव्हर या लेखिका-उद्योजिका लिंचबर्गला आल्या, ग्रीन यांच्या वंशजांना आणि गावातल्या म्हाताऱ्यांना भेटल्या, आणि कथेला कागद आणि नावं मिळाली. 2019 मध्ये शेल्बिव्हिलला ग्रीन यांच्या नावानं डिस्टिलरी उघडली. म्हणजे इतकी दशकं ही माहिती हरवलेली नव्हती. ती घराघरांत होती. डिस्टिलरीच्या फेरीत मात्र नव्हती.

दारूविषयी आपल्या मनात जे आहे तेही लिहायला हवं. गडचिरोलीत 1993 मध्ये बंदी आली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून, आणि तिच्यामागचं दुःख खरं आहे. मी बर्बनच्या कारागिरीबद्दल आदरानं लिहितो तेव्हा ते दुःख विसरून लिहीत नाही. केंटकीतही व्यसनानं मोडलेली घरं आहेत. म्हणून मला वाटतं की व्हिस्कीच्या गावी जाणाऱ्यानं फक्त चाखण्याच्या खोलीत वेळ काढू नये. तिथं फक्त चांगली बाजू दिसते, आणि तेवढीच दाखवणं हे त्यांचं कामच आहे. किराणा दुकानात, कपडे धुण्याच्या सार्वजनिक केंद्रात, गॅसच्या रांगेत बाकीचं दिसतं.

सध्या तर बोलण्यासारखं बरंच आहे. केंटकीत लोकसंख्या 45 लाखांच्या आसपास आणि मुरत पडलेली पिंपं एक कोटीहून जास्त. या पिंपांवर दरवर्षी मालमत्ता कर बसतो आणि त्यातून काउंटीच्या शाळांना, अग्निशमन दलाला पैसा मिळतो. 2023 च्या कायद्यानं हा कर 2026 पासून टप्प्याटप्प्यानं कमी होत 2043 पर्यंत संपायचा आहे. डिस्टिलर म्हणतात, न विकलेल्या मालावर वर्षानुवर्षं कर देणारे आम्हीच. काउंट्या म्हणतात, गोदामं आमच्या रस्त्यांवर, बुरशी आमच्या भिंतींवर, आग लागली तर बंब आमचा. त्यात 2025 मध्ये कॅनडातल्या बहुतेक प्रांतांनी अमेरिकी दारू सरकारी दुकानांतून हटवली, आणि ब्राउन-फॉर्मन कंपनीनं लुइव्हिलचा पिंपांचा कारखाना बंद केला. बार्ड्सटाउनला गेलात तर मुक्काम करा, आणि वॉशर किंवा बर्फ घेताना हा कराचा विषय काढा. प्रत्येकाचं मत वेगळं निघेल, आणि शाळेत मूल असलेला माणूस गल्ला सोडून बाहेर येऊन सांगेल.