कुलूप आणि स्वामित्व

एखादी वस्तु आपल्या मालकीची आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्या म्हणण्याचा नेमका अर्थ काय असतो? पैसे मोजून विकत घेतली ती आपली, हें उत्तर सहज सुचतें. परंतु गेल्या मे महिन्यांत सुटीसाठीं सायखेड्यास आमच्या घरीं राहिलों असतां एक प्रसंग असा घडला कीं, हें सोपें उत्तर आम्हांस अपुरें वाटूं लागलें.

आमचा एक जुना विद्यार्थी तेथें द्राक्षबाग करतो. त्याचे वडील आदल्या वर्षीं वारले. त्यांस लिहिण्याचा कंटाळा. म्हणून रोज संध्याकाळीं ओट्यावर बसून ते मिनिटभर आपल्या मोबाइलशीं बोलत. आज कोणतें औषध फवारलें, मजुरांस काय दिलें, कांदा काय भावानें गेला, असा तो मजकूर असे. चार वर्षांची ही बोलती रोजनिशी एका ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्यें सांठली होती. ती ऐकतां येई, पण बाहेर काढतां येत नसे. ॲप करणाऱ्यानें तो व्यवसाय केव्हांच सोडला होता आणि फोन तर दिवसेंदिवस थकत चालला होता. "सर, फोन रूट केला तर आवाज बाहेर निघेल असें सगळे म्हणतात. करूं का?" असें त्यानें विचारलें.

रूट करणें म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्या पायावर उभी आहे, आणि लिनक्समध्यें सर्वाधिकारी वापरकर्त्यास 'रूट' हें नांव आहे. बाजारांत मिळणाऱ्या फोनमध्यें हा अधिकार विकत घेणारास दिलेला नसतो. प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र खोली असते. तींत दुसऱ्या ॲपला, आणि मालकालाही, थेट शिरतां येत नाहीं. रूटचा अधिकार हातीं आला म्हणजे ह्या खोल्या उघडतात. परंतु त्यासाठीं बहुधा आधीं बूटलोडरचें कुलूप काढावें लागतें. बूटलोडर हा फोन सुरू होतांना आंत येणाऱ्या प्रणालीची पारख करणारा द्वारपाल होय. त्याचें कुलूप निघतांच फोनमधील सारी खासगी माहिती पुसली जाते. आवाज मिळविण्यासाठीं किल्ली हवी, आणि किल्ली फिरवितांच आवाज नाहींसा, असा हा पेंच होता.

तें ऐकून विद्यार्थी संतापला. "फोन आमचा, आवाज माझ्या बापाचा, आंकडेही मला ठाऊक. मग मधें अडविणारा हा कोण?" त्याचा संताप आम्हांस समजला, परंतु विचारान्तीं तो चुकीच्या ठिकाणीं पडला आहे असें आमचें मत झालें. आंकडे ठाऊक असणारा प्रत्येक मनुष्य मालक नसतो. फोन घटकाभर हातीं आलेला सोबती, दुरुस्तीचा दुकानदार, घरांतील संशयी नातलग, ह्या सर्वांस ते ठाऊक असूं शकतात. कुलपास मुलाचें दुःख दिसत नाहीं, तसा चोराचा कावाही दिसत नाहीं. जें कुलूप शोकाकुल पुत्रास सवलत देईल, तें शोकाचें सोंग आणणारासही देईल. याचा दाखलाही आहे. 2014 साली जॉर्ज हॉट्झ या तरुणानें लिनक्समधील एका दोषाचा लाभ घेऊन, कांहींही न पुसतां अनेक फोन रूट करण्याची युक्ति प्रसिद्ध केली. पुष्कळांस आनंद झाला. पण ज्या भगदाडांतून मालक आंत गेला, त्यांतूनच दुष्टासही जातां येत होतें. तें बुजविणें प्राप्तच होतें.

याचा अर्थ मालकाचा पक्ष दुबळा आहे असा नव्हे. अमेरिकेंत 2010 साली काँग्रेस ग्रंथालयाच्या प्रमुखांनीं स्वतःच्या फोनचे असे निर्बंध मोडण्यास कायद्यांतून सूट दिली. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पहिला निर्णय मालकास आंत जाऊं देतो. दुसऱ्याचें तत्त्व परक्यास बाहेर ठेवण्याचें आहे. दोन्ही न्याय्य आहेत, आणि एकाच कुलपाला त्या दोहोंची सेवा करावयाची आहे.

मग दोष कोणाचा? आमच्या मतें तो त्या ॲपच्या कर्त्याचा. ठेव सांभाळणें निराळें आणि ठेव अडकवून ठेवणें निराळें. कुलूप परक्यास अडवितें, तें रक्षण. परंतु ठेवणारानेंच मागितलें असतां ती परत देण्याची वाटच जो ठेवीत नाहीं, त्याला विश्वस्त कसें म्हणावें? दुसऱ्याचा आवाज सांठविण्याची ज्यानें सोय केली, त्यानें तो बाहेर नेण्याचें दारही त्याच दिवशीं बसवावयास पाहिजे होतें.

कांहीं भार मालकावरही येतो, आणि तो सायखेडेकरांस समजावून सांगावयास नको. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्यें गोदावरीचें पाणी गांवांत शिरलें होतें. गंगापूर धरणांतून विसर्ग वाढल्याची वार्ता आली कीं येथील गृहिणी धान्य, कागदपत्रें आणि देव वरच्या मजल्यावर नेते. पाणी उंबऱ्याशीं आल्यावर ती नदीशीं वाद घालीत बसत नाहीं. फोनचेंही तसेंच. ज्यास तो रूट करावयाचा असेल त्यानें तो नवा व रिकामा असतांनाच करावा. पुसण्यासारखें तेव्हां कांहीं नसतें. वापरांतल्या फोनमधील छायाचित्रें, संदेश, नांवें हीं आधीं दुसरीकडे उतरवावीं, ती नक्कल उघडून खरोखर वाचतां येते कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच कुलपास हात लावावा. रूट केलेल्या फोनवर बँकांचीं ॲप पुष्कळदां चालत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें. पूर्ण अधिकार घेणारानें संरक्षणाची जबाबदारीही स्वतःच्या शिरावर घेतलेली असते.

विद्यार्थ्यास आम्हीं साधा उपाय सांगितला. हेडफोनच्या भोकांतून एक वायर लॅपटॉपला जोडावयाची, आणि रोजनिशी एका बाजूनें वाजवीत दुसऱ्या बाजूनें मुद्रित करावयाची. घाई करून चालणार नव्हतें. जितका वेळ वडील बोलले होते, तितकाच वेळ मुलास बसावें लागलें. महिनाभर तो रात्रीं जेवण आटोपून बसे. मध्यें एकदां येऊन म्हणाला, "सर, दोन वर्षांमागें माझी चूक झाली म्हणून बाग वाया गेली होती. आप्पांनीं त्या दिवशीं फक्त फवारणीच सांगितली आहे. माझें नांवसुद्धां घेतलें नाहीं."

काम संपल्यावर त्या मुद्रणाच्या दोन प्रती त्यानें केल्या. एक स्वतःजवळ ठेवली, दुसरी नाशिकला बहिणीकडे दिली. आतां फोन रूट करावयास हरकत नाहीं, असें आम्हीं त्यास कळविलें. त्यानें तो अद्यापि केलेला नाहीं.