मुठीचं पाऊल

कृष्णाकाठच्या एका गावात आबांचं जुनं सोप्याचं घर होतं. घरात आबांची म्हातारी आई होती, तिला सारं गाव माई म्हणे. आबांची बायको होती, शेती बघणारा मुलगा होता आणि वैशाखात लग्न होऊन आलेली सून होती. चतुर्थीला गणपती बसला आणि घराला गौरींचे वेध लागले. सुनेची ही सासरची पहिलीच गौर.

सुनेचं माहेर बीडकडचं. तिकडे याच सणाला महालक्ष्म्या म्हणतात. थोरली, धाकटी आणि पुढ्यात त्यांची बाळं, असा मोठा थाट असतो. इथे माळ्यावरच्या पेटीतून दोन पितळी मुखवटे निघाले. सुनेनं ते चिंचेनं लख्ख घासले आणि विचारलं, "आजी, यांची बाळं कुठं आहेत?"

माई हसल्या. "आमच्याकडं बाळं नसतात गं. ज्याची त्याची रीत. कोकणात तेरड्याची रोपं आणून त्यांचीच गौर करतात. कुणी नदीवरनं पाच नाहीतर सात खडे आणतं, तेही वाटेत तोंडातून शब्द न काढता. कुणी धान्याच्या राशीवर मुखवटा बसवतं. गौर कशाचीही होते. पण ती येते एकाच नात्यानं. ती लेक असते. अनुराधा नक्षत्रावर माहेरी येते, ज्येष्ठेला पोटभर जेवते आणि मूळ लागलं की निघते. तीन दिवसांचं माहेर. आपण देवी म्हणून हात जोडतो, पण करतो ते सगळं माहेरवाशिणीचं."

आवाहनाच्या दिवशी सकाळी अंगण सारवून झालं. माईंना आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसल्या आणि सुनेला पावलं काढायला शिकवू लागल्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं होतं.

"मूठ आवळ. आता करंगळीकडची कड पिठात बुडव आणि भुईवर टेकव. उमटलं?"

"उमटलं."

"हे झालं पाऊल. आता मूठ उघड आणि बोटाच्या टोकानं पाच ठिपके दे. बोटं उमटल्याबिगर ते पाऊल नव्हे, नुसता डाग. आणि रोख आतल्या बाजूला ठेव. गौरीचं पाऊल घरात येणारं असतं."

सून एकेक पाऊल उमटवत तुळशीपासून सोप्यापर्यंत आली. आधी मूठ, मग बोटं. मध्येच थांबून तिनं सहज विचारलं, "आजी, इतकी वर्षं पावलं कोण काढायचं?"

"आक्का," माई म्हणाल्या. "माझी लेक. दरवर्षी आदल्या दिवशी यायची. तिच्या सासरी गौरी थोरल्या जावेकडं असतात, तेव्हा तिला मोकळीक होती. लुगड्याच्या निऱ्या करण्यापासनं फुलोऱ्याच्या करंज्या वळण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं."

"मग यंदा कधी येणार आत्या?"

माईंनी उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातलं उलथनं क्षणभर थांबलं आणि पुन्हा वाजू लागलं. सुनेला कळलं की आपण काहीतरी विचारू नये ते विचारलं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आबांचे वडील गेले. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची होती. वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच, हे कायद्यानं 2005 साली देशभर मान्य केलेलं. तरी गावोगाव चालत आलेली रीत वेगळीच असते. बहीण आपणहून सही करते, भाऊ तिला साडी नेसवतो आणि सारे म्हणतात की बहिणीनं माहेर राखलं. आबांनीही आक्काला बोलावलं. "आक्का, नुसती सही. माहेर काय कुठं पळून चाललंय?" आक्कानं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला, साडीची घडी पिशवीत घातली आणि एसटीनं परत गेली.

त्या साली गौरींना आबांनी फोन केला, तो आवाहनाच्या दिवशी दुपारी. आक्का आली नाही. पुढच्या साली फोनही झाला नाही. भांडण असं नव्हतंच. एकदा हिशेब मिटला की माणसाची आठवण आपोआप मागे पडते, तसं झालं होतं.

दुपार कलली. गौरी आत घ्यायची वेळ झाली. तुळशीपाशी सुपात मुखवटे ठेवले होते. शेजारच्या दोन सवाष्णी आल्या. सासूबाईंनी सूप हातात घेतलं, सून ताट आणि पळी घेऊन वाजवत पुढे झाली. उंबऱ्यावर दूध-पाण्यानं गौरींचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. माईंनी आतून विचारलं, कोण आलं? बाहेरच्यांनी सांगितलं, गौर आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी. मग पिठाच्या एकेका पावलावर थांबत सूप आत आलं.

या घराची एक रीत होती. गौरीला जागेवर बसवण्याआधी सगळं घर दाखवायचं. प्रत्येक ठिकाणी माईंनी विचारायचं, "हे कुणाचं?" आणि घरच्यांनी म्हणायचं, "गौरीचं." लेक आली की ती चुलीपासून गोठ्यापर्यंत घर पाहून घेते, तसंच हे.

आधी चूल दाखवली. "हे कुणाचं?" "गौरीचं."

धान्याची कोठी उघडली. "हे कुणाचं?" "गौरीचं."

गोठ्यात गाय रवंथ करत होती. तिच्या कपाळाला कुंकू लागलं. "हे कुणाचं?" "गौरीचं."

शेवटी मधल्या खोलीतलं कपाट. तिथे दरसाल किल्ली घरच्या कर्त्यानं लावायची आणि उत्तरही त्यानंच द्यायचं. आबांनी किल्ली फिरवली, दार उघडलं. वरच्या कप्प्यात पैशांचा डबा होता, त्याशेजारी लाल फडक्यात बांधलेली कागदपत्रं. गाठ सैल झाली होती आणि सर्वांत वरचा कागद अर्धा बाहेर आला होता. मुद्रांकाचा कागद. खाली आक्काची सही, शाळेत गिरवतात तशी सुटी सुटी अक्षरं, आणि शेजारी अंगठ्याचा निळा ठसा.

"हे कुणाचं?" माईंनी विचारलं.

आबांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

माईंना दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं, "हे कुणाचं रे? बोल की. गौर कपाटापुढं उभी आहे."

आबांची नजर त्या निळ्या ठशावरून हलेना. गेल्या साली हाच कागद याच कप्प्यात होता आणि आपण "गौरीचं" म्हणून मोकळे झालो होतो, हे त्यांना आठवलं. पितळेच्या लेकीला सगळं तुझं म्हणायचं आणि सख्ख्या बहिणीकडून काहीच माझं नाही असं लिहून घ्यायचं. दोन्ही शब्द एकाच कपाटापुढे कसे उभे राहावेत?

त्यांनी किल्ली माईंच्या हातात ठेवली. "आई, गौरीला जरा थांबव. मी येतो."

"अनुराधा कधीपर्यंत आहे?" सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"आहे रात्रीपर्यंत," माई म्हणाल्या. त्यांनी सुपातला थोरलीचा मुखवटा उचलून मांडीवर घेतला. "जा तू."

आबांनी मोटरसायकल काढली. पूल ओलांडून पलीकडच्या काठानं गेलं की आक्काचं गाव. पोचले तेव्हा आक्का ओट्यावर शेपूची भाजी निवडत होती. भावाला पाहून उठली, पाण्याचा तांब्या दिला, आणि पुन्हा भाजीला बसली.

"आक्का, चल. गौर कपाटापाशी थांबली आहे."

"गौरीला कपाट दाखवायला मी कशाला हवी?"

"आई विचारते, हे कुणाचं. मला उत्तर देता येईना."

आक्काचे हात थांबले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सही मागितलीस याचं मला दुःख नाही रे. सही दिली ती माहेर राहावं म्हणून. आणि सही दिल्यावर माहेरच गेलं. पहिल्या साली तुझ्या फोनची वाट बघत मी पिशवी भरून बसले होते. दुपार झाली तेव्हा पिशवी रिकामी केली. दुसऱ्या साली भरलीच नाही."

आबा खाली बसले. काय बोलावं ते त्यांना सुचेना, आणि त्यांनी काही सजवून बोलण्याचा प्रयत्नही केला नाही. "चुकलो," एवढंच म्हणाले. "तुझं जे आहे ते तुझ्या नावावर करून देतो. विहिरीकडचा तुकडा. गौरी झाल्यावर नाही, आजच आईसमोर सांगतो."

आक्कानं आबांकडे पाहिलं. "मी नको म्हणणार नाही हं," ती म्हणाली. "लोक म्हणतील, बहिणीनं मोठ्या मनानं नाकारायला हवं होतं. मोठं मन मी एकदा दाखवलं."

"नकोच म्हणू," आबा म्हणाले.

दिवेलागणीला मोटरसायकल दारात आली. सून पळत बाहेर गेली. उंबऱ्यावर गौरींचे पाय धुतलेलं दूध-पाणी तांब्यात उरलं होतं. तिनं कुणाला न विचारता तेच आत्याच्या पायांवर ओतलं आणि हळदकुंकू लावलं. पिठाची पावलं वाळून पांढरीशुभ्र झाली होती. आक्का त्यांच्यावरून न चालता त्यांच्या कडेनं आत आली, माईंच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. माईंनी बोटं चाचपली. काचेच्या बांगड्या ओळखल्या.

"आलीस?"

"आले."

"मग विचारते आता." माई उठल्या. मुखवटा सुपात ठेवला आणि सूप सुनेकडे दिलं. सगळे पुन्हा कपाटापाशी उभे राहिले. "हे कुणाचं?"

आबांनी लाल फडकं सोडलं, कागद काढून आक्काच्या हातात दिला आणि मग म्हणाले, "गौरीचं."

त्या रात्री गौरींना भाजीभाकरीचा नैवेद्य झाला. भाजी शेपूचीच होती, आक्कानं निवडलेली. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या, सोळा भाज्या आणि आंबील. संध्याकाळी हळदीकुंकू झाल्यावर माईंनी गौरीची कहाणी सांगितली. गरीब ब्राह्मणाला तळ्याकाठी एक थकलेली म्हातारी सवाष्ण भेटते, तो तिला घरी आणतो आणि रिकामं मडकं कण्यांनी भरतं. सुनेनं ही कहाणी माहेरीही ऐकली होती. पण या वेळी तिच्या ध्यानात आलं की कहाणीतली गौर दागिने घालून येत नाही. ती चालत येते, थकून येते आणि तिला आधी कुणीतरी घरी चल म्हणावं लागतं.

तिसऱ्या दिवशी हळदीत भिजवलेल्या सोळा पदरी दोऱ्याला सोळा गाठी पडल्या. एक दोरा सुनेनं गळ्यात बांधला, एक आक्काच्या गळ्यात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड यांनी आधी गौरींची ओटी भरली, मग त्याच सुपातून आक्काची. नदीवरून येताना पसाभर वाळू आणली आणि घरभर, गोठ्यात, परसात टाकली. दसरा झाल्यावर आबांनी विहिरीकडच्या तुकड्याचं बक्षीसपत्र नोंदवलं. सातबाऱ्यावर आक्काचं नाव चढलं. गावात चार लोक चार गोष्टी बोलले. आबांनी त्या ऐकून घेतल्या.

पुढच्या भाद्रपदात आक्का दोन दिवस आधीच आली होती. अनुराधेच्या सकाळी पिठाची वाटी घेऊन सून बसली, तेवढ्यात आबा तिथे आले आणि म्हणाले, "एक पाऊल मी काढतो." त्यांनी मूठ आवळली, पिठात बुडवली आणि उंबऱ्यावर टेकवली. शेतकऱ्याची मूठ ती, ठसा भला मोठा उमटला. ते उठू लागले.

"आबा, बोटं राहिली," सून म्हणाली.

आबा पुन्हा खाली बसले. आपल्या आवळलेल्या मुठीकडे त्यांनी घटकाभर पाहिलं. मग ती उघडली आणि एकेक बोट सावकाश टेकवत पाच ठिपके दिले.

माई पाटावर बसून ऐकत होत्या. "झालं का रे?" त्यांनी विचारलं.

"झालं, आई."

घर जपायला मूठ आवळावी लागते, हे खरं. धान्य, पैसा, जमीन उघड्या हातात राहत नाही. पण लक्ष्मीचं पाऊल नुसत्या मुठीनं पुरं होत नाही. ज्यांचा वाटा आहे त्यांच्यासाठी ती उघडली, तरच त्या डागाला बोटं फुटतात आणि ते घराच्या आत चालू लागतं.