सुझॅना वेस्ली यांची दोन पत्रं

ख्रिस्ती घरात मुलं कशी वाढवावीत, या विषयावर इंग्रजीत जे काही लिहिलं गेलं त्यात एका खासगी पत्राचा मान मोठा आहे. २४ जुलै १७३२ रोजी सुझॅना वेस्ली यांनी ते आपल्या मुलाला लिहिलं. हा मुलगा म्हणजे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली. आईने मुलांना कोणत्या पद्धतीने वाढवलं ते लिहून द्यावं, हा आग्रह त्यांचाच. आई १७४२ मध्ये वारल्यावर त्यांनी ते पत्र आपल्या रोजनिशीत छापलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते नियमावलीसारखं वाचलं गेलं.

आजच्या आईबापांच्या अंगावर काटा यावा असे नियम त्यात आहेत. वर्षाचं मूल छडीला भ्यायला आणि हळू आवाजात रडायला शिकलं पाहिजे. मुलाचा हट्ट लहानपणीच मोडला पाहिजे, कारण स्वतःचंच खरं करण्याची वृत्ती हे पापाचं मूळ आहे. पण त्याच पत्रात हेही आहे: चूक आपणहून कबूल करणाऱ्या मुलाला मारायचं नाही, एका चुकीची शिक्षा दोनदा द्यायची नाही, मुलाला दिलेला शब्द पाळायचा, आणि मुलीला नीट वाचता आल्याशिवाय घरकामाला जुंपायचं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींबद्दल असा नियम करणारी आई विरळाच.

या नियमांमागे सुझॅना यांचं स्वतःचं आयुष्य होतं. वडील डॉ. सॅम्युएल ॲनस्ली यांना १६६२ मध्ये अंतःकरणाला न पटणारी शपथ नाकारल्याबद्दल लंडनमधलं आपलं चर्च सोडावं लागलं होतं. त्या घरातलं हे पंचविसावं मूल. तेराव्या वर्षाच्या आसपास सुझॅना यांनी स्वतः विचार करून वडिलांचा पंथ सोडला आणि चर्च ऑफ इंग्लंडची वाट धरली. पुढे हट्ट मोडण्याचा उपदेश करणाऱ्या बाईंनी बालपणी स्वतःचं मत असं ठामपणे चालवलं होतं, आणि वडिलांचं प्रेम त्यामुळे आटलं नव्हतं, हे त्यांच्या वाचकाने विसरू नये.

लग्न झालं सॅम्युएल वेस्ली या पाळकाशी. त्यांचं घर एपवर्थला, लिंकनशायरातल्या दलदलीच्या मुलखातल्या गावात. एकोणीस बाळंतपणं झाली, त्यातली नऊ मुलं लहानपणीच गेली. १७०५ च्या निवडणुकीत गावातले लोक पाळकावर उलटले आणि रात्रभर घराबाहेर दंगा करत राहिले. तान्हं मूल समोरच्या दाईकडे ठेवलेलं होतं. गोंगाटाने रात्रभर जागलेल्या त्या दाईला पहाटे गाढ झोप लागली आणि बाळ तिच्या अंगाखाली गुदमरून गेलं. त्याच वर्षी नवरा कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात गेला. घरात कधी भाकरीची ददात पडली का, असं यॉर्कच्या आर्चबिशपांनी विचारलं. भाकरी अगदी मिळालीच नाही असं झालं नाही, पण ती मिळवण्याच्या आणि तिचे पैसे चुकवण्याच्या काळजीने तिची चवच जाते, अशा अर्थाचं उत्तर सुझॅना यांनी दिलं.

मरण घरात असं ये-जा करत असताना मुलाच्या आत्म्याची काळजी उद्यावर टाकायची सोय नसते. पत्रातली कडक भाषा या घाईतून आली, असं मला वाटतं. ती घाई समजून घ्यावी. छडी मात्र आज कुणीही उचलू नये.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घराला आग लागली. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याने खिडकीतून मुलाला बाहेर काढलं. घर राहिलं नाही. मुलं वेगवेगळ्या कुटुंबांत विखुरली आणि परतली ती गावंढळ बोली, बाजारी गाणी आणि सैल सवयी घेऊन. सुझॅना यांना हे फार लागलं. पण त्या विखुरण्यानेच त्यांना लिहितं केलं. १७१० च्या जानेवारीत, दूर राहणाऱ्या सुकी या मुलीसाठी त्यांनी प्रेषितांच्या मतांगीकारावर सविस्तर विवेचन लिहून पाठवलं. मुलं पुन्हा एकत्र आल्यावर शाळा सुरू होताना आणि सुटताना स्तोत्रं म्हणण्याचा प्रघात पडला. संध्याकाळी पाच वाजता मोठं भावंड धाकट्याला जवळ घेऊन शास्त्रवाचन करू लागलं.

आणि मग या गोष्टीत हिंदुस्थान येतो. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाउ हे दोन तरुण मिशनरी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत उतरले होते. त्यांच्या कार्याचा इंग्रजीत छापलेला वृत्तांत एमिली या मुलीला वडिलांच्या अभ्यासिकेत सापडला. वडील तेव्हा लंडनला होते. तो वाचून सुझॅना हलून गेल्या. आपण पुरुष नाही, धर्मोपदेशकही नाही, तरी आपल्याला काय करता येईल, हा प्रश्न त्यांना सोडेना. उत्तर घरातच होतं: प्रत्येक मुलाशी आठवड्यातून एका संध्याकाळी एकटीने बसून बोलायचं. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॉनचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा आणि रविवार एमिली व सुकीचा. ६ फेब्रुवारी १७१२ च्या पत्रात नवऱ्याला त्यांनी हे कळवलं. त्याच हिवाळ्यात त्यांच्या घरच्या रविवारच्या प्रार्थनेला गावातले दोनशेच्या आसपास लोक येऊ लागले होते.

ऑक्सफर्डचे फेलो झालेल्या जॉन यांनी १७३२ च्या फेब्रुवारीत आईकडे मागितली ती गुरुवारचीच संध्याकाळ: तेवढा वेळ आता माझ्यासाठी प्रार्थनेत द्यावा, म्हणून. पुढे त्यांनी १७४८ मध्ये किंग्जवूडला शाळा काढली. पहाटे चारला उठणं, सुट्टी नाही, खेळ नाही. स्वतःला मूल नव्हतं. आईचे नियम त्यांनी उचलले. तिची गुरुवारची संध्याकाळ मात्र त्या वेळापत्रकात दिसत नाही.

पद्धत सगळ्यांना तारू शकली नाही, हेही सांगितलं पाहिजे. आठव्या वर्षी ग्रीक नवा करार वाचणारी हेटी १७२५ मध्ये प्रियकराबरोबर घरातून निघून गेली. वडिलांनी तिला दूर लोटलं, विजोड लग्न लागलं, तिची बाळं वाचली नाहीत. आईही वडिलांच्याच बाजूला राहिली. मंगळवारच्या त्या मुलीला गरज होती तेव्हा मंगळवार मिळाला नाही. सात वर्षांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात तिच्या दुःखाचा उल्लेख नाही. सुझॅना यांच्या लेखनातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

मुंबईत १८७१ पासून विल्यम टेलर यांच्या कामातून मेथडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या. आज मराठीत उपासना करणाऱ्या मेथडिस्ट कुटुंबांपर्यंत वेस्ली घराण्याचं नाव पोहोचलं आहे. या घरांतल्या आईवडिलांना एवढंच सांगायचं आहे: सुझॅना वेस्ली वाचायच्या असतील तर १७३२ चं पत्र बाजूला ठेवून आधी १७१२ चं वाचा, आणि त्यातली एक संध्याकाळ या आठवड्यात आपल्या मुलाला द्या.