सांध्याचा प्रामाणिकपणा

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेलगत, श्रॉपशर परगण्यातल्या हिरव्या टेकड्यांच्या कुशीत स्टोकसे नावाची एक छोटी गढीवजा हवेली आहे. तिच्या नावापुढे ‘कॅसल’ लागते खरे, पण ती युद्धासाठी नव्हे, राहण्यासाठी बांधली गेली. लोकरीच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळवलेल्या लॉरेन्स ऑफ लडलोने १२८१ मध्ये ही जागा घेतली, १२९१ मध्ये राजाकडून तटबंदीचा परवाना मिळवला आणि १२९४ मध्ये लोकरीचा माल घेऊन निघालेल्या जहाजाबरोबर तो समुद्रात बुडाला. ज्याने इतक्या हौसेने आढे चढवले, त्याच्या वाट्याला त्या आढ्याखालच्या किती संध्याकाळी आल्या असतील, हा विचार आत पाऊल टाकताच मनाला वेढून राहतो.

मधले मोठे दालन रिकामे आहे. जमिनीत अष्टकोनी उघडी चूल आणि माथ्यावर काळसर, कमानदार तुळयांचे छत, एवढेच. या तुळया मुळात थेट जमिनीपर्यंत उतरत होत्या. आता त्यांची खालची टोके एकोणिसाव्या शतकातल्या दगडी आधारांवर विसावली आहेत. लाकूड कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो, हे कुणीही पाहू शकते. ठिगळ लपवलेले नाही. त्या सांध्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, कारण जीर्णोद्धाराविषयीचा एक जुना वाद तिथे शब्दांवाचून मिटल्यासारखा वाटला. जुन्या वास्तूला पुन्हा ‘मूळ’ रूप देणे म्हणजे तिचा नाशच, असे जॉन रस्किनने १८४९ मध्येच बजावले होते. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये त्याच तळमळीने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था उभारली. भूतकाळावर प्रेम करणारी माणसेच भूतकाळ खरवडून टाकतात, ही त्यांची व्यथा होती, आणि मला ती आजही खरी वाटते.

स्टोकसेचे भाग्य असे, की धान्याचे कोठार आणि पिंपे बनवण्याची जागा म्हणून झिजल्यानंतर, १८६९ मध्ये ती हातमोज्यांच्या व्यवसायात श्रीमंत झालेल्या जे. डी. ऑलक्रॉफ्ट यांच्या हाती आली. त्यांनी ती सावरली, पण सजवली नाही. लोकरीच्या धनाने उभारलेले घर सहा शतकांनी हातमोज्यांच्या धनाने तगावे, यात काळाची एक मूक संगती आहे. मात्र संपत्तीपेक्षा मला त्यांचा संयम मोठा वाटतो. जे ठाऊक नाही ते कल्पनेने भरून काढण्याचा मोह आवरणे, ही कारागिरीची फार कठीण पायरी आहे.

दालनाच्या उत्तर टोकाला तेराव्या शतकातला लाकडी जिना आहे. त्याच्या पायऱ्या अखंड ओंडक्यांतून घडवलेल्या आहेत आणि कोणता भाग कुठे बसवायचा, हे कळावे म्हणून सुतारांनी कोरलेल्या जोडणीच्या खुणा अजून शाबूत आहेत. धन्याचे नाव इतिहासाने जपले; या हातांची मात्र केवळ ही रेघ उरली, तीही कीर्तीसाठी नव्हे, कामाच्या सोयीसाठी ओढलेली. कदाचित म्हणूनच ती इतकी विश्वासाने बोलते.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर उंच खिडक्यांतल्या उजेडाकडे वळण्याआधी या जिन्यापाशी थांबा, आणि त्या खुणा स्वतः शोधा.