शमीवरची शस्त्रं

खंडेनवमीला आमच्याकडे छाटणीच्या कात्र्या, कोयते, ट्रॅक्टर आणि एकनळी बंदूक, सगळ्यांना एकाच ताटातलं हळदकुंकू लागतं. २०२४ साली दसरा होऊन तीनच दिवस झाले आणि विधानसभेची आचारसंहिता लागली. बंदुकीवरचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. तशीच गोणपाटात गुंडाळून मी ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. वडिलांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला होता, तो पुढं माझ्या नावावर झाला. उसात बिबट्या असतो. पण आमच्या बंदुकीचे बार आजवर हवेतच झाले.

परतताना गोदावरीच्या पुलावर गाडी थांबवली. पलीकडं चांदोरी, खाली संथ पाणी. मनात आलं, आपल्याला यात अपमान कसा वाटत नाही? हलगलीच्या बेरडांना तर वाटला होता.

हलगली म्हणजे तेव्हाच्या मुधोळ संस्थानातलं, आजच्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव. १८५७ साली कंपनी सरकारनं हत्यारबंदी आणली. शिकार आणि गावराखण यांवर जगणाऱ्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस फौज आली, गाव जाळलं. डिसेंबरात १९ जणांना फासावर चढवलं, काहींना मुधोळात, काहींना हलगलीतच. त्यांच्यावरच्या लावण्या कन्नडमध्ये अजून गातात.

आमच्या बाजूलाही त्याच वर्षी असंच काही पेटलं होतं. भागोजी नाईक हा भिल्ल स्वतः सरकारी पोलिसात राहिलेला. शिक्षा भोगून सुटल्यावर त्याच्याकडं वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. ते वर्ष सरलं आणि सरसकट हत्यारबंदीचा हुकूम आला, तेव्हा तो गाव सोडून निघाला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला चकमक झाली आणि लेफ्टनंट हेन्री मारला गेला. त्याआधी बोलणी करायला गेलेल्यांत आमच्या निफाडचे मामलतदारही होते. इथं आधी हमी मागितली, मग हत्यार. दोन्हींच्या पोटात एकच वाक्य आहे: तुझा भरवसा नाही.

मागच्या सप्ताहात कीर्तनकार म्हणाले, शस्त्र टाकल्याशिवाय मन निवळत नाही. मला पटलं, पण अर्धंच. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीवर ठेवली. कुणी मागितली नव्हती. आपल्या हातानं बांधली आणि वर्ष सरल्यावर आपल्याच मर्जीनं उतरवून घेतली. म्हणून तर दसऱ्याला आपण शमी पुजतो. हलगलीला शमी नव्हती. तिथं झाडही सरकारचं आणि दोरीही सरकारची. गांधीजी तर अहिंसेचे पुजारी, तरी १८७८ च्या हत्यार कायद्याला त्यांनी आत्मकथेत इंग्रजांच्या काळ्या कृत्यांत धरलं. ज्याचा हात मुळात बांधलेला आहे, त्यानं मारलं नाही तर त्याचं पुण्य काय?

म्हणून मी हलगलीची माणसं मेली याचा गौरव करत नाही. एका भाल्यापायी गाव जाळून घ्यावं, असंही मला म्हणवत नाही. तेव्हा तिथं लेकरंही असतील. पण ती माणसं भाल्यासाठी मेली असं म्हणणं चुकीचं ठरेल. आपलं हत्यार कधी खाली ठेवायचं हे आपण ठरवायचं, एवढा एक हक्क त्यांनी सोडला नाही. धर्म असलाच तर त्या ठरवण्यात आहे. भाला नुसतं लोखंड.

पुलावर मला माझं उत्तर खिशात सापडलं. चार ओळींची पावती, तिच्यावर बंदुकीचा नंबर आणि शिक्का. ज्या सरकारनं बंदूक ठेवून घेतली, ते निवडण्यासाठीच मी महिन्याभरानं बोटाला शाई लावणार होतो. मागणाऱ्याला "परत कधी?" असं विचारता येतं, तिथं देण्यात लाज नाही. हलगलीत तो प्रश्न विचारायची सोय नव्हती.

निकालानंतर बंदूक घरी आली, खुंटीवर गेली. पावती ठाण्यात द्यावी लागली. खरं तर मला तीच जपून ठेवायची होती.