थांबलेल्या माणसांची गावं

परदेशात नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींची एक सवय मला मनापासून आवडते. शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं की पाठीला एक पिशवी लावून ती निघतात, आणि रविवारी रात्री परत येतात तेव्हा एक अख्खं शहर पाहून झालेलं असतं. माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. तिथला राहण्याचा परवाना हातात आल्यापासून त्याने असे शनिवार-रविवार सत्कारणी लावलेत. आमच्या घरात ही हौस पूर्वी नव्हती. सुट्टी म्हणजे लग्न, कुळधर्म, नाहीतर मामाचं गाव. नुसतं पाहण्यासाठी एखाद्या गावी जाणं हे चैनीचं वाटायचं.

दोनच दिवस हातात असले की माणूस नीट पाहतो. पुढच्या वेळी बघू म्हणायची सोय नसते, म्हणून पाय दुखत असले तरी तो शेवटची गल्ली सोडत नाही. प्रागहून आल्यावर भाचा फोनवर कितीतरी वेळ तिथल्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलत होता. १४१० सालचं घड्याळ. दर तासाला वरच्या खिडक्या उघडतात, येशूचे शिष्य एकामागून एक पुढून सरकतात, आणि खाली शे-दोनशे माणसं माना वर करून उभी असतात. १९४५ च्या मे महिन्यात, युद्धाच्या अगदी शेवटी, ते नगरभवन जळालं आणि घड्याळाची दैना झाली. लाकडी मूर्ती नव्याने कोरून, यंत्र जुळवून ते तीन वर्षांत पुन्हा चालू केलं गेलं. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, त्या घड्याळासाठी शहराने एक माणूस कायमचा नेमलेला असतो. त्याचं काम तेवढंच."

मला घड्याळापेक्षा तो माणूस जास्त आवडला. खाली उभे असलेले लोक दोन दिवसांचे पाहुणे. त्यांना जे दिसतं ते दिसावं म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं तिथंच थांबलेलं असतं. जगातल्या कुठल्याही शहराची सहल या थांबलेल्या माणसाच्या जिवावर होते, आणि आपण तिकिटाचे पैसे देऊन पुढे जातो.

हाच मुलगा डिसेंबरात जळगावला आला की आल्या दिवशी विचारतो, "मामा, आठे देखाले काय शे?" श्टुटगार्टमध्ये राहून त्याची अहिराणी सुटलेली नाही, याचं मला कोण कौतुक. पण त्याच्या प्रश्नाला घरातलं प्रत्येक जण "अजिंठा" एवढंच उत्तर देतं आणि गप्प बसतं. यात घरच्यांचा दोष नाही. बाहेरचा प्रवासीही तेच करतो. जळगाव स्टेशनवर उतरायचं, गाडी करून साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांपर्यंत जायचं, संध्याकाळी परत येऊन रात्रीची रेल्वे पकडायची. मध्ये भरीत-भाकरी झाली तर झाली.

अजिंठ्याचंच घेऊ. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला ती लेणी दिसली, ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. ती क्षणभराची भेट. तिथं थांबणारा माणूस वेगळा होता. रॉबर्ट गिल नावाचा मद्रासच्या लष्करातला अधिकारी १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला आला. परमुलखात आलेला माणूस दोन-चार हंगाम काम करून परतला असता तर कुणी नावं ठेवली नसती. गिल वर्षानुवर्षं त्या अंधाऱ्या, दमट लेण्यांत मोठमोठ्या कापडांवर रंग चढवत राहिला. त्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळून गेल्या. एवढ्या वर्षांची मेहनत एका आगीत गेल्यावरही गिलने या मुलखाकडे पाठ फिरवली नाही. आधीपासूनच त्याने कॅमेरा हाती घेतला होता. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याला पुरलं ते भुसावळात. भुसावळला रोज हजारो माणसं गाडी बदलतात. अजिंठा पाहून आलेल्यांपैकी किती जण गिलच्या कबरीची चौकशी करतात? जावं एकदा. चित्रं पाहून आल्यावर, ती जगाला दाखवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचलं त्याच्यापाशी पाच मिनिटं उभं राहायला काय हरकत आहे?

थांबण्याची याहून विलक्षण गोष्ट चाळीसगावात आहे. केकी मूस. जन्म १९१२, मुंबईचा पारशी. वडिलांचा व्यवसाय चाळीसगावात. तरुणपणी इंग्लंडला जाऊन कलेचं शिक्षण घेतलं, बाहेरचं जग पाहिलं, आणि तीसच्या दशकाच्या अखेरीस परत येऊन रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात तो बसला तो बसलाच. घराला नाव दिलं 'रेम्ब्राँट्स रिट्रीट'. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, ३१ डिसेंबर १९८९ ला मरेपर्यंत, त्याने उंबरा ओलांडला तो अगदी क्वचित. गावात गोष्ट सांगतात ती अशी, की मुंबईच्या एका मुलीने मी येईन असं वचन दिलं होतं, आणि तिची वाट पाहत तो रोज रात्री पंजाब मेलच्या वेळी दार उघडं ठेवायचा. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र वाटतं की तिच्यामुळे त्याचं काम झाकलं जातं. वाट पाहणं रात्री. दिवसभर तो काय करत होता?

तो जग घरात मांडत होता. एका टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तू ठेवायच्या, दिव्याचा प्रकाश असा पाडायचा की त्यातून डोंगर उभे राहावेत, वाट जावी, धुकं पसरावं, आणि मग त्याचं छायाचित्र काढायचं. टेबल टॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. चित्र पाहताना आपण कुठल्यातरी परक्या मुलखात उभे आहोत असं वाटतं. जवळ जाऊन पाहिलं की मग कडेची रेघ दिसते, मापाचा अंदाज येतो, आणि हे सगळं एका खोलीच्या आत घडलंय हे ध्यानात येतं. त्या छायाचित्रांना देशोदेशीच्या प्रदर्शनांत शेकडो बक्षिसं मिळाली. शिल्पं, लाकडावरचं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांच्या आकृती, जुन्या वस्तू, ध्वनिमुद्रिका यांनी त्याने ते घर भरलं. नावाजलेली माणसं त्याच्या दारी येऊन गेली. आज ते घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. पॅरिस, ॲमस्टरडॅमची कलादालनं रांगेत उभं राहून पाहणाऱ्या आपल्या मुलांनी चाळीसगावला एक पॅसेंजर सोडून दुसरी पकडली तरी हे बघून होतं.

चाळीसगावहून पाटणादेवी अठराएक किलोमीटर. गौताळ्याच्या जंगलाच्या कडेला, पावसाळ्यानंतर ओढे वाहत असतात तेव्हा फार देखणं दिसतं. भाविक चंडिकेचं दर्शन घेतात, डबा उघडतात, परततात. देवळातला शिलालेख बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. तो १२०७ सालचा, म्हणजे शके ११२८. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथं मठ काढला, आणि त्याच्या खर्चाची तजवीज दगडात कोरून ठेवली. वरचा भाग संस्कृतात, पण दान काय आणि कुणी द्यायचं हे लिहिण्याची वेळ आली तेव्हा शेवटच्या ओळी जुन्या मराठीत उतरल्या. देणाऱ्या गावकऱ्याला, दुकानदाराला कळावं म्हणून असेल. १९ व्या शतकात भाऊ दाजी लाडांनी हा लेख उजेडात आणला. सव्वाआठशे वर्षांपूर्वी इथं पोरांनी बसून भास्कराचार्यांची लीलावती शिकावी यासाठी कुणीतरी दाण्यापाण्याचा हिशेब मांडत होतं, हे त्या दगडासमोर उभं राहिल्यावर मला फार जवळचं वाटतं.

चाळीसगावहून धुळ्याला आगगाडीचा फाटा जातो. धुळ्याबद्दल लोक म्हणतात, तिथं काय आहे? गल्ल्यांना नंबर आहेत, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक. धुळ्यात कागद आहेत. ज्या माणसाने महाराष्ट्रभर पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची, बोळकांडीतली दप्तरं उलगडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली, बावीस खंड केले, तो इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर फिरतच होता. थांबला तो धुळ्यात. ३१ डिसेंबर १९२६ ला तो गेला आणि पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी त्याच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं. फिरणाऱ्याने गोळा करायचं आणि थांबणाऱ्यांनी सांभाळायचं, अशी वाटणी इथं झाली. कागद सांभाळणं हे काम दिसत नाही. वाळवी, दमट हवा, उंदीर आणि पैशांची चणचण यांच्याशी ते रोज लढायचं असतं, आणि एक पिढी जरी कंटाळली तरी सगळं जातं. धुळ्यात ती कंटाळली नाही.

याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी पंथाच्या पोथ्या मठामठांतून मिळवून समर्थ वाग्देवता मंदिरात आणल्या. समर्थांच्या हातचं म्हणून ओळखलं जाणारं वाल्मीकी रामायण तिथं आहे. पोथी पाहताना घाई करू नये. एकेका अक्षराचं वळण बघावं. बोरूचं टोक कुठे टेकलं, शाई कुठे दाट पडली, ओळ पानाच्या काठापर्यंत कशी सरळ गेली. लिहिणाऱ्याचा हात इतक्या वर्षांनंतरही कळतो. आणि धुळ्याचा तुरुंग? तो आजही तुरुंगच आहे, तिथं सहलीला जाता येत नाही. पण त्याच्या भिंतीबाहेरून जाताना मी वेग कमी करतो. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, विनोबांनी आत गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. गुरुजींची लेखणी तिथं नसती तर ते शब्द त्या भिंतींतच राहिले असते.

जळगावात कवयित्री बहिणाबाईंचंही तेच. आसोदा माहेर, जळगाव सासर, मध्ये जेमतेम दीड-दोन कोसांची वाट. सारं आयुष्य त्या पट्ट्यात गेलं. स्वतःला लिहिता येत नव्हतं. कामाच्या ओघात आलेले शब्द मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या नातलगांनी टिपून ठेवले. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. जैन हिल्सवरचं, २०१२ मध्ये उघडलेलं गांधीतीर्थ पाहायला बाहेरून बसगाड्या येतात, आणि ते पाहण्यासारखं आहेच. पण त्याच दिवशी वाड्यालाही जाता येतं, हे पाहुण्याला कुणी सांगत नाही.

भाच्याला या डिसेंबरसाठी मी एवढंच कळवलंय: शनिवारी चाळीसगाव आणि पाटणादेवी, मुक्काम धुळ्याला, रविवारी पोथ्या आणि कागद, भुसावळ परतीच्या गाडीआधी. सोमवार अजिंठ्यासाठी ठेवू नकोस, त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि निघण्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन कर. प्रागला घड्याळ आपोआप दिसतं, इथं तसं होत नाही. इथं कपाटाची किल्ली एखाद्याच माणसाकडे असते, तो बाहेरगावी गेला की दार बंद. तो भेटला तर घाईने फोटो काढून निघू नकोस. चहा घे, कपाट उघडताना त्याला प्रश्न विचार, वही ठेवलेली असेल तर नाव आणि गाव नीट लिही. त्या वहीत श्टुटगार्ट हे नाव आलं तर पुढच्या अनुदानाच्या अर्जाला त्याचा उपयोग होईल, आणि तो माणूस घरी जाऊन सांगेल की आज लांबून कुणीतरी हे पाहायला आलं होतं.